‘येतो’ म्हणायचं राहिलं

पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं, आणि मागचं दार सताड उघडं! गंगाधर सरांनी दुधाची पिशवी ओट्यावर टाकली. न्हाणीघर, गॅलरी, पलंगाखालीसुद्धा बघून झालं. बायको कुठंच नाही.

बंगल्यांमागे रेल्वेचे रूळ. म्हातारा अनवाणीच धावत सुटला. शैलाताईंना हल्ली स्वतःचं नाव आठवायची मारामार, तिथं गाडीची शिटी काय कळणार! पुण्याची गाडी धडधडत गेली तेव्हा सरांनी डोळे गच्च मिटून घेतले. उघडायचा धीर होईना.

"सर! ओ सर! बाई माज्या केबिनात हायेत. भिऊ नका, बऱ्या हायेत."

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन दत्तोबा. त्याच्या जॅकेटवरच्या ‘सिक्युरिटी’चा अर्थ सरांनीच त्याला हौसेनं सांगितला होता. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, सवय सुटते होय! मूळ लॅटिन, ‘काळजीविना’. राखण, पहारा, तारण हे सगळे अर्थ मागाहून चिकटलेले.

"मंजे मी बिनघोर झोपू व्हय, सर?" दत्तोबा तेव्हा हसला होता.

केबिनमध्ये शैलाताई त्याची काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नजर रस्त्यावर.

"शैला, घरी चल."

"कोण तुम्ही? मी इथून हलायची नाही. आमचे हे सकाळी ‘जातो’ म्हणून गेलेत. असं कधी म्हणत नाहीत हो. नेहमी ‘येतो’ म्हणतात."

सकाळी तिनं चहा सांडला, सरांचं डोकं फिरलं. "जातो मी!" असं ओरडून त्यांनी बाहेरून कुलूप ठोकलं होतं. घरातून निघताना जे कधी तोंडातून काढू नये, तेच काढलं. आणि सगळं विसरलेल्या बाईनं नेमकं तेवढंच धरून ठेवलं.

"परत येईस्तोवर कुणीतरी राखण करायला नको?" शैलाताई म्हणाल्या. "फार घाबरतात हो ते."

सर पायरीवर मटकन बसले. तळवा खडीनं फाटला होता. रडू फुटलं, ते त्यांनी आवरलंही नाही. दत्तोबा पाणी आणायला गेला.

"मी थांबू इथं तुमच्याबरोबर?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

शैलाताईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"थांबा की. पण घरी सांगून आलात ना? बायको काळजी करत असेल."

"करतेय," सर म्हणाले.