सुलूला विचारलं तेव्हा

पार्से गावची कमलाक्षी लग्न होऊन नार्व्याला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूने, पार्वतीबाईंनी, तिला आतल्या खोलीत नेलं. खिडकीखालच्या बाजेवर एक मुलगी आडवी होती. हात कोपरांत वळलेले, मान एका बाजूला, डोळे मात्र लख्ख. "ही आमची सुलू," पार्वतीबाई म्हणाल्या. "आजपासून तुझी."

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात 'घरात एक नणंद आहे, जराशी अशक्त' एवढंच कुणीतरी बोललं होतं. कमलाक्षीला तेव्हा विचारलं होतं ते भाकऱ्या येतात का आणि कंबरदुखी वगैरे आहे का. कंबरेचं का विचारलं ते तिला त्या खोलीत उभी राहिल्यावर कळलं.

सुलोचना तेव्हा चौदा वर्षांची होती. जन्मतःच मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, असं डॉक्टर म्हणाले होते. शाळा तिने पाहिली नव्हती. तिचं बोलणं एकेक अक्षर दगडासारखं उचलून आणावं तसं यायचं आणि ऐकणाऱ्याचा धीर त्याआधीच सुटायचा. कमलाक्षी मात्र लवकरच तरबेज झाली. सुलूने ओठ हलवले की ही म्हणायची, "पाणी? हां, दितंय." मान वळली की कूस बदलून द्यायची. आंघोळ, पेज, कपडे, शी-शू, सगळं. वाड्यावरच्या बायका म्हणत, "कमलाक सुलूच्या मनातला कळता." हे ऐकून तिला बरं वाटायचं. त्या घरात बरं वाटण्यासारखं दुसरं फारसं नव्हतंही.

माहेरी जायची ती सकाळी आणि यायची संध्याकाळी. मूल झालं नाही. त्यावर पार्वतीबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "देवान विचार करूनच दिला नाय. तुका पोर झाला असता, तर सुलूचा कोण करतला?" त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. म्हणूनच कमलाक्षीला ते वाक्य विसरता आलं नाही.

मग खाणी बंद पडल्या. नवरा सगुण खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायचा. तो टिपर काजूच्या झाडाखाली उभा राहिला, त्याच्या चाकांत गवत वाढलं आणि सगुण दिवसभर सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कधी सुरू होतली?' विचारू लागला. त्यालाच पंचायतीत कळलं की डिचोलीला एक प्रशिक्षण निघालंय. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांबरोबर राहायला मदतनीस हव्या आहेत.

"तुका सगळा येताच," तो कमलाक्षीला म्हणाला. "नुसता जाऊन बसाचा."

पार्वतीबाईंनाही पटलं. "शिकान येतली ता सुलूच्याच उपेगाक पडतला. तवसर दिवसाचा मी बघतंय."

अशी कमलाक्षी लग्नानंतर पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसली.

प्रशिक्षण देणाऱ्या देवकीबाई म्हापशाच्या. पन्नाशीच्या, हळू आवाजाच्या, पण हसायची फारशी सवय नसलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकांच्या जोड्या लावल्या. एकीने डोळ्यांवर फडकं बांधून हात मांडीखाली घालायचे, दुसरीने तिला कुलेराने, म्हणजे चमच्याने, शिरा भरवायचा. बोलायचं नाही. कमलाक्षीच्या तोंडात घास होता तोवरच दुसरा कुलेर ओठांवर आपटला. तिने तोंड फिरवलं, तर कुलेर गालाला घासत मागोमाग आला. तिला ठसका लागला. सगळ्या हसल्या, तीही हसली. फडकं सोडल्यावर ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि त्या दिवशी पुढे काय शिकवलं ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

तरी ते तिने स्वतःला लावून घेतलं नाही. ती भरवणारी बाई अडाणी होती, मी तशी नाही, असं तिला वाटलं.

सरावासाठी तिला जवळच्याच एका प्राथमिक शाळेत पाठवलं. तिसरीतली यशोदा तिच्या वाट्याला आली. चाकांच्या खुर्चीत बसणारी, दोन घट्ट वेण्यांची. बोटं ताठ, बोलणं सुलूसारखंच अडखळत. कमलाक्षीने तिचा ताबाच घेतला. दप्तर उघडायची, पेन्सिल तिच्या मुठीत धरून तिचा हात आपणच फिरवायची, बाईंनी प्रश्न विचारला की यशोदाच्या तोंडाकडे बघून उत्तर सांगायची. वर्गाच्या शांताबाई खूश होत्या. "अशी मदतनीस मिळाली तर आम्हाला काही बघायलाच नको," त्या म्हणाल्या.

देवकीबाई एक दिवस येऊन मागच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी शांताबाईंनी मुलांना आवडेल ते चित्र काढायला सांगितलं होतं. त्या प्रत्येकाला विचारत आल्या. "यशोदा, तू काय काढणार?"

"फूल म्हणते," कमलाक्षी म्हणाली आणि यशोदाच्या हातात लाल खडू देऊन एक छान जास्वंद काढून घेतली.

मधल्या सुट्टीत देवकीबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं. "ती फूल म्हणाली?"

"म्हणणार होती."

"कशावरून?"

"मला कळतं, बाई. घरात नणंद तशीच आहे. आठ वर्षं करते तिचं."

"कमलाक्षी, सकाळपासून मी त्या मुलीचा आवाज ऐकला नाही. तुझाच ऐकला." देवकीबाईंचा सूर चढला नव्हता. "उद्यापासून हात पाठीमागे बांधून उभी राहा. तिने मागितल्याशिवाय पुढे आणायचे नाहीत. आणि तोंड बंद."

बसमध्ये कमलाक्षीच्या कानशिलांना चटके बसत होते. या बाईने कधी कुणाचं ढुंगण धुतलंय का, असं तिच्या मनात आलं. आठ वर्षांत एकाही माणसाने तिच्या कामात खोट काढली नव्हती. तेवढी एकच गोष्ट तिची होती.

दुसऱ्या दिवशी ती रागानेच हात मागे बांधून उभी राहिली. चित्र पुरं करायचं होतं. शांताबाईंनी पुन्हा विचारलं, "यशोदा, आणखी काय काढूया?" यशोदाने सवयीने कमलाक्षीकडे पाहिलं. कमलाक्षी गप्प. वर्गात चुळबुळ सुरू झाली. शांताबाईंनाही अवघडल्यासारखं झालं. यशोदाची मान हलली, जबडा पुढे आला, लाळ हनुवटीवर ओघळली आणि मग घशातून आवाज निघाला.

"टि… प… पर."

मुलं आनंदाने ओरडली. यशोदाने काळा खडू मागितला आणि कालच्या जास्वंदीवरूनच दोन वेडीवाकडी चाकं ओढली. कागद फाटला तरी ती थांबेना.

कमलाक्षी पाहत राहिली. फूल! यशोदाला फूलच हवंय, असं तिने शपथेवर सांगितलं असतं. मग सुलूचं काय काय आपण असंच ठरवलं असेल?

त्या संध्याकाळी तिने सुलूजवळ चहाचा कप नेला आणि तोंडाला न लावता हात मागे घेतले. "सुलू, काय होया तुका?"

सुलूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही चेष्टा करतेय. दारातून पार्वतीबाई म्हणाल्या, "विचारतंस काय तिका? च्या थंड जाता."

पहिले काही दिवस सुलू नुसती चिडली. तोंड उघडून वाट बघायची, घास आला नाही की हुंकार द्यायची. मग एकदा तिने मान झटकली आणि बरंच झगडून म्हणाली, "सा… खर… नको."

आठ वर्षं कमलाक्षी तिच्या चहात दोन चमचे साखर घालत आली होती.

त्यानंतर सुलूला वाचाच फुटली. हिरवा फ्रॉक नको. सोप्यावर बसायचंय. रेडिओ मोठा कर. पार्वतीबाई कातावल्या. "ह्या शिकलंस काय तू? गरीब गाय होती, तिका नखरे शिकवलंस!" पण कमलाक्षीला त्या दिवसांत बसमधून उतरून घराकडे चालताना पहिल्यांदाच घाई व्हायची.

प्रशिक्षण संपलं. देवकीबाईंनी तिचं नाव मोरजीच्या एका शाळेसाठी दिलं. तिथल्या एका मुलासाठी मदतनीस लगेच हवी होती. नार्व्याहून मोरजी म्हणजे उजाडायच्या आत निघायचं, दोन बसगाड्या बदलायच्या आणि दिवेलागणीला परत. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"मोरजी?" सगुण म्हणाला. "जवळ मिळात म्हणान धाडलेला तुका. इतक्या लांब कोण जाता? आता खाणीपण सुरू होतली म्हणतत."

"तीन वर्षां ताच म्हणतत," कमलाक्षी म्हणाली.

"आणि सुलूचा कोण करतला?" पार्वतीबाई. "शिकलंस ना? मग आता घरातच कर."

सुलू 'जा'च म्हणेल, अशी कमलाक्षीला पुरेपूर खात्री होती. सुलू आता बोलते, स्वतःचं सांगते, आणि ते कुणामुळे? ती म्हणाली, "तुमी-आमी कशाक बोलाचा? सुलूकच विचारूया."

सगळे आतल्या खोलीत गेले. कमलाक्षी बाजेसमोर उभी राहिली, हात मागे. "सुलू, मी मोरजीक नोकरीक जाव? काय म्हणतंस?"

सुलूने आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. बराच वेळ तिचे ओठ नुसतेच जुळत-सुटत राहिले. सगुण दाराला टेकला, पुन्हा सरळ झाला.

"जाव… न… नको."

"आयकलंस?" पार्वतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सगुणही बाहेर गेला.

पूर्वीची कमलाक्षी असती तर हसून म्हणाली असती, 'तिच्या मनात तसा नाय, माका कळता.' आता तिला तसं म्हणता येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली. दाराला कडी नव्हती, कुणी तिचा हात धरला नव्हता, आणि तरीही त्या खोलीतून बाहेर पडायला जागाच नाही असं तिला वाटलं. तिला सुलूचा संताप आला. मग त्या संतापाची लाज वाटली. मग दोन्ही एकदम.

शुक्रवारी ती डिचोलीला नकार कळवायला गेली. देवकीबाईंनी ऐकून घेतलं. त्या धीर देतील असं तिला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "तुझ्या घरचं तू बघ. मला सोमवारी तिथे कुणीतरी पाठवायलाच हवी." मग कागद आवरता आवरता त्यांनी विचारलं, "का नको म्हणाली ती?"

"म्हणजे?"

"का, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. 'नको' ऐकल्यावर ती स्वतःच्याच दुःखात इतकी बुडाली होती, की पुढचं तिने पुन्हा मनानेच ठरवून टाकलं होतं. सुलूला आपली सवय झालीय, सुलू स्वार्थी आहे, वगैरे.

ती घरी आली. पार्वतीबाई मागच्या अंगणात होत्या. सुलूच्या शेजारी बसून तिने विचारलं, "सुलू, कित्याक जाव नको?"

सुलूने डोळे मिटले. कमलाक्षी बसून राहिली. बाहेर नदीकडून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला, मग शेजारच्या कोंबड्या कलकलल्या. आणि मग एकेक अक्षर आलं.

"आये… पाणी… देना… नाय."

कमलाक्षीला आधी कळलंच नाही. मग आठवलं. प्रशिक्षणाच्या दिवसांत ती घरी आली की सुलू तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. उकाडा फार आहे, असं ती समजायची. पाणी प्यायलं की शू लागणार, शू लागली की उचलायला हवं. सकाळी कमलाक्षी गेली की ती परत येईपर्यंत सुलूला थेंबही मिळत नव्हता.

ती मागच्या दारी गेली. "मांय, सुलूक दिवसाचा पाणी दितास?"

पार्वतीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "माझ्याच्यान उचलूक जमना नाय गो. गुडघे जाग्यार नाय. एकदा उचलताना दोघी पडलो. कोणाक सांगतलंय?"

"त्यांका सांगूचा," कमलाक्षी सगुणच्या दिशेने हात करून म्हणाली. "सोप्यारच असतत."

सगुण आवाज ऐकून आला होता. "ता बायल माणसांचा काम," तो म्हणाला, पण खाली बघून.

"पाणी देवचाही बायल माणसांचा?" कमलाक्षीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुमची भैण दिवसभर तहानेली रवता आणि तुमी खाणींची वाट बघतास. मी सोमवारी मोरजीक जातलंय. कशी उचलाची ता मी दाखयतंय."

त्याच संध्याकाळी तिने देवकीबाईंना फोन करून होकार कळवला. शनिवारी सगुणने एक जुनी खुर्ची काढून तिच्या बैठकीला भोक पाडलं, खाली बालदी बसेल अशी. रविवारी कमलाक्षीने त्याला शिकवलं. आधी सुलूला विचारायचं, मग एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. खुर्चीत ठेवून तो बाहेर जाईल, पुढचं पार्वतीबाई बसल्या जागेवरून करतील. पहिल्यांदा भावाने उचललं तेव्हा सुलू रडली. दुसऱ्यांदा त्याला 'हळू' म्हणाली. मग सगुणने तिला दम धरत, हळूच खुर्चीत टेकवलं. टिपरचं चाक बदलणारा माणूस तो.

सोमवारी कमलाक्षी गेली. तिने जिंकलं असं कुणी म्हणेल, पण तिला तसं वाटलं नाही. अंधारात उठून सुलूची आंघोळ, सगळ्यांचा स्वयंपाक, परत आल्यावर धुणं, कण्हणाऱ्या सासूचे गुडघे, आणि सगुणची दिवसभराची तक्रार. आधी एक घर होतं, आता त्यात एक शाळा वाढली. मोरजीचा मुलगा महिनाभर तिच्याकडे पाठ करूनच बसायचा आणि हात मागे बांधून त्याच्या पाठीकडे बघत राहणं हेच तिचं दिवसभराचं काम असायचं.

सुलूने आपलं मत बदललं नाही. आता पाणी मिळत होतं, खुर्ची होती, तरी कमलाक्षी साडी नेसून आत आली की ती रोज तेच म्हणायची, "जाव नको." एका सकाळी कमलाक्षी थांबली. "पाणी मिळता ना? मग कित्याक?"

सुलूने वेळ घेतला. बसची वेळ होत आली होती. "कं… टा… ळो."

ह्यावर कमलाक्षीकडे काही उपाय नव्हता. कंटाळा तिला ठाऊक होता. त्या खोलीतला कंटाळा तर दोघींनी आठ वर्षं मिळून काढला होता.

"आयकला," ती म्हणाली. सुलूच्या कपाळावरचे केस सारायला तिचा हात पुढे गेला, अर्ध्यात थांबला. सुलूने मान किंचित पुढे केली. मग तिने केस सारले आणि बस गाठायला निघाली.