शिवलेला अर्ज

काकांनी पिशवीतून अर्ज काढला आणि पुतणीपुढे धरला. काल दुपारी तिने त्यांच्या हाती एकोणचाळीस सुटे कागद दिले होते: अर्ज, बँकेचा उतारा, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळं यादीच्या क्रमाने. आता समोर एक पुस्तक होतं. निळा कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत काकूंचं नाव.

"काका, हे काय केलंत?"

"सुटे कागद कसे द्यायचे? वाण्याची यादी आहे का ती?" चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेला माणूस म्हणाला. "वरून फेकलंस तरी पान हलणार नाही."

व्हिसा केंद्राच्या भिंतीवर सूचना होती: कागद सुटे आणावेत, टाचणी किंवा पिन लावू नये. पुतणीने बोट दाखवलं.

"टाचणी कुठाय?" काका म्हणाले. "दोरा आहे."

"अहो, पुरे झालं," काकू म्हणाल्या.

काकूंची थोरली बहीण परदेशात एका वृद्धाश्रमात होती. गेल्या आठवड्यात फोनवर तिने दोनदा विचारलं होतं, आपण कोण बोलताय? आजची वेळ हुकली तर पुढची दोन महिन्यांनी होती. आश्रमात पाहुण्यांना रात्री राहू देत नाहीत, म्हणून पुतणीने हॉटेल शोधलं होतं. नकाशावर अंतर मोजलं होतं: तीनशे चाळीस मीटर, दोन वळणं, पायरी एकही नाही. काकू एकट्या जाणार होत्या आणि त्यांचा गुडघा कुरकुरत होता. फोटोची लांबीरुंदीसुद्धा तिने व्हर्नियरने तपासली होती. काका हा प्रश्नच यादीत नव्हता.

नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"छान आहे. पण स्कॅनरमध्ये सुटी पानं लागतात."

"कात्री द्या," पुतणी म्हणाली.

"खबरदार!" काकांनी पुस्तक ओढून घेतलं. पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद त्यांनी नखाने सोडवला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोऱ्याची गाठ शोधली. "कापलं तर समास फाटेल. गाठ सोडली की सगळं सुटतं. सुटणार नाही असं मी कधी शिवत नाही."

दोरा सुळकन निघाला. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला पाच भोकं राहिली. बाई एकेक पान स्कॅन करू लागल्या. एकतिसाव्यापाशी थांबल्या.

"हॉटेलची तारीख कोणती? चार की चौदा?"

पुतणीने वाकून पाहिलं. एक कागद वाचवायला बुकिंग एकाच पानात बसवताना तिनेच डावा समास अर्धा केला होता. काकांचा भोकं पाडायचा टोच्या बरोबर चौदातल्या एकावरून गेला होता.

"चौदा. विम्यावरही चौदाच आहे."

"मला या कागदावर दिसली पाहिजे. साडेअकराला खिडकी बंद होते."

अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. पुतणी जिना उतरून झेरॉक्सच्या दुकानात धावली. पुढे दोन माणसं होती. "एकच पान आहे हो, आमच्या काकूंचं विमान अडलंय," ती थाप मारून पुढे घुसली. मोबाइलवरून बुकिंग पुन्हा छापून घेताना समास या वेळी पूर्ण ठेवला. बुकिंगची दोन पानं झाली.

ती धापा टाकत परतली तेव्हा अकरा सत्तावीस झाले होते. काका बाईंना समजावत होते, "तुमच्या या रजिस्टरची पाठ निघालीय. डिंक लावून भागायचं नाही." बाई हसत होत्या, पण त्यांचा एक हात खिडकीच्या झडपेवर होता. त्यांनी दोन्ही पानं घेतली, पासपोर्ट घेतला आणि पावती पुढे सरकवली.

"पंधरा दिवसांत कळेल."

बाहेरच्या बाकावर काका रिकामा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले. तोंड उतरलेलं.

"माझंही चुकलं," पुतणी म्हणाली. "समास मी कमी केला."

"समास कमी करणाऱ्यांचं मी चाळीस वर्षं भोगलंय."

काकूंनी पुठ्ठा आपल्याकडे घेतला. नावावरून बोट फिरवलं.

"हा मी ताईसाठी नेणार. आत आमचे जुने फोटो लावा. परत विचारलं ना तिने, कोण तुम्ही, तर वर लिहिलेलंच आहे."

"काकू, अजून व्हिसा मिळायचाय."

"पंधरा दिवस आहेत," काका उठत म्हणाले. "पाठ नव्याने करावी लागेल. फोटो जाड असतात."