मनगटावरचा ठोका

मी मेट्रोनोम बोलतोय. नाव अवघड वाटत असेल तर ठोक्याचं यंत्र म्हणा, मला राग नाही. घड्याळासारखा पट्टा लावून मला मनगटावर बांधतात, पण मला ना काटे ना आवाज. वाजवणाऱ्याने लय एकदा ठरवून दिली की त्या लयीत मी त्याच्या कातडीवर ठोके देत राहतो, म्हणजे हात पळत नाही की मागे पडत नाही. जन्मल्यापासून माझा एकही ठोका चुकलेला नाही. याची मला फार घमेंड होती. आता ती सांगतानाही लाज वाटते.

कुरिअरने मी सुरतेत आलो, गोडादऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात. खोकं फोडलं प्रज्ञाने. तिचे वडील नागनाथ ढोलकी वाजवतात आणि आई काशीबाई गाते. लग्न झाल्यापासून दोघांची भीमगीतांची पार्टी आहे. बारसं असो, वास्तू असो की जयंती, बोलावणं आलं की ढोलकी खांद्याला लावून निघालेच. काशीबाई साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला जायची. नागनाथचं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात गेलं. तिथल्या खडखडाटाने कान कामातून गेले. त्याच्याशी बोलायचं तर समोर येऊन मोठ्याने बोलावं लागतं.

यंदा भीमजयंतीला विहारासमोर गायनाची स्पर्धा होती. प्रज्ञाने आईबापाचं गाणं मोबाइलवर घेतलं, पुन्हा पुन्हा ऐकलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ढोलकी मध्येच रेंगाळत होती, मग घाईने जागेवर येत होती.

"पप्पा, तुमचा ठेका हलतोय," ती म्हणाली. "कानाचा प्रॉब्लेम छे. हे सांगेल तसंच वाजवायचं, बस. टेन्शन नहीं लेवानुं!"

नागनाथने बायकोकडे पाहिलं. लेकीच्या पाठीमागून काशीबाईने हळूच मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, बाईला नव्या वस्तूंचं वावडं असेल. माझी अक्कल तेवढीच!

"लेकीनं हौसेनं आनलं. नाही कसं म्हनू?" नागनाथ पुटपुटला आणि त्याने हात पुढे केला.

सराव सुरू झाला. काशीबाई खालच्या आवाजातच गायची, घसा जपते म्हणायची. नागनाथचा हात मात्र कडव्याच्या ठरावीक जागी आपोआप थांबायचा. तिथे मी ठोका दिला की तो दचकायचा. मी त्याला सोडलं नाही. ऐकत नाही म्हणजे काय? हळूहळू हात वळणावर आला. सुरुवातीला वाजवताना त्याची नजर काशीबाईच्या गळ्यावर असायची, ती आता माझ्यावर खिळली. प्रज्ञा खूश, मी तर हवेत.

जयंतीच्या दिवशी मंडप भरून गेला होता. काशीबाईने पांढरं लुगडं नेसून खडा आवाज लावला. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात तिच्या गळ्याच्या शिरा ताठल्या. बाबासाहेबांचं नाव येणार त्या ओळीआधी तिला दम घ्यायचा होता. मी ठोका दिला. नागनाथने थाप दिली. तिने ओळ कशीबशी पकडली, अर्धी सोडली आणि खोकत माइकच्या दांड्याला धरून खाली बसली.

मंडप चिडीचूप झाला. ढोलकी तेवढी चालू होती. नागनाथला ऐकू येत नव्हतं आणि त्याची मान माझ्यावर वाकलेली होती. मी ठोका देत होतो, तो वाजवत होता, आणि दोघांचंही अगदी बिनचूक चाललं होतं. शेवटी प्रज्ञाने धावत येऊन त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा त्याने वर पाहिलं.

घरी आल्यावर त्याने लेकीला सांगितलं. "साल झालं, तुह्या मायले दम लागते. मिलमधली वाफ छातीत बसली. ‘पोरगी माह्यं गानं बंद करीन, तिले सांगू नका’ म्हने. मंग ती श्वास घेये तवर मी हात आखडत होतो." मग त्याने माझा पट्टा सोडला. "अन् आज मलेच दिसली नाही ती."

"मला वाटलं, ठेका कानामुळे हलतोय, पप्पा," प्रज्ञा म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत राहिली.

काशीबाई आता दवाखान्यात जाते. डॉक्टरांनी तोंडाने औषध ओढायचा पंप दिलाय, तो फळीवर माझ्या शेजारीच असतो. तो तिला श्वास देतो. मी काय दिलं, ते तुम्ही पाहिलंच.

परवा बुद्धपौर्णिमेला ती घरातच बसून गायली. दम घ्यायची जागा आली आणि नागनाथचा हात थांबला, पूर्वीसारखा. पण थांबण्याआधी त्याचं मनगट एकदा दचकलं. मी तर फळीवर बंद होतो. प्रज्ञाने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रज्ञा, मला पुन्हा कुणाला बांधशील तर आधी तो हात कुणासाठी थांबतो ते विचार. आणि नागनाथदादा, त्या मनगटात राहिलेला ठोका माझा आहे. तो मला परत घेता येत नाही.