शेंड्यावरचा दगड

शार्दूलने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, दगड नवा आहे. झाडात अगदी शेंड्यावर बसतो."

माझा हा विद्यार्थी हुशार आहे, पण स्वतःवर इतका खूश असतो की मला राग येतो. रोडपाली गावच्या छोट्या देवळीसमोर दयारामचा जेसीबी धडधडत होता. त्याला तिथे इमारत बांधायची होती. देवळीतला दगड नवा निघाला तर हलवायची परवानगी, जुना निघाला तर जागेला हात लावायचा नाही, आणि पुरातत्त्व खात्याला आमचा अहवाल दुपारपर्यंत हवा होता. दयारामविरुद्ध अर्ज केला होता त्याच्या आईनेच. गुणाबाई देवी म्हणून पुजलेल्या त्या दगडापुढे बसून होती, लेकाकडे बघतही नव्हती.

शार्दूलचं झाड म्हणजे इथल्या गावांतल्या कोरीव दगडांची वंशावळ. एका पाथरवटाने दुसऱ्याचं बघून कोरलं, कोरताना काहीतरी बदललं, पुढच्याने तो बदलही उचलला. दगडावर खूण असली तर तक्त्यात एक, नसली तर शून्य भरायचं; ते जुळवलं की आधीचा कोण, नंतरचा कोण ते कळतं. जुन्या दगडांवर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव. नंतरच्या नकलांत गाढव गळालं.

"इथे गाढव नाही," शार्दूल म्हणाला.

मी दगडाकडे पाहिलं. शेंदराने माखलेला, जेमतेम गुडघाभर. वर चंद्र-सूर्य आणि त्यांच्याखाली लगेच चकचकीत फरशी. जत्रा आली की हे लोक जुन्या फरशीवर नवी फरशी घालतात, देवीची सेवा म्हणून. मी फरशीवर बोट ठेवलं.

"नाही, की दिसत नाही? दोन्हींसाठी तू एकच शून्य भरलंस?"

शार्दूलचा चेहरा उतरला. शून्याच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह भरलं, तेव्हा दगड झाडाच्या बुडाशीही बसायला लागला आणि शेंड्यावरही.

"फरशी फोडावी लागेल," मी गुणाबाईला म्हटलं.

"देवीच्या पायाशी पहार? नाय बाय."

मला सांगायची भीती वाटत होती, तरी सांगितलं. "खाली देवीचे पाय नसतीलही. हा शापाचा दगड निघाला तर?"

तिने पदराने फरशी पुसली. "नाय फोडली तर जागा जाते. फोडली तर देवी." मग तिने स्वतःच हळदकुंकवाचं ताट बाजूला ठेवलं. "फोडा."

दयाराम धावत आला. "आये, येडी झालीस काय? देवीवर पहार?"

"तुजा जेसीबी काय आरती करनार होता?"

थरामागून थर निघाले. शार्दूलने ब्रशने माती झाडली. आधी कान दिसले, मग पाठ. गाढव! आणि गाढवाखाली एक बाई. शार्दूलने प्रश्नचिन्ह खोडलं आणि दगड झाडाच्या बुडाशी जाऊन बसला. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"ही बाई कोन?" गुणाबाईने विचारलं.

माझा आनंद जागीच जिरला. "जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. जो ही जमीन बळकावेल..."

"त्याला काय?"

"त्याला काही नाही. गाढवाची ही शिवी त्याच्या आईला आहे. ती बाई म्हणजे त्याची आई."

गुणाबाई फरशीच्या तुकड्यांवर बसली. मग त्या दिवशी पहिल्यांदाच तिने लेकाकडे पाहिलं.

"दया, हकडं ये. तुजी आय बघ."

दयाराम वाकला. त्याने पाहिलं, आणि मान वर न करताच जेसीबीवाल्याला हात केला. धडधड थांबली.

गुणाबाईने ताट ओढून घेतलं आणि दगडातल्या त्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.