माझ्यावर वाचलेलं ‘पुरे’

मित्रांनो, मी एक जुना अक्षरफळा आहे. प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर काळ्या रंगात रंगवलेली वर्णमाला, एवढंच माझं रूप. मला एका वेल्डरच्या मुलीने बनवलं. आजाराने तिच्या वडिलांचे हातपाय गेले, मग वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं. ती अक्षरांवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की वडील पापणी मिटायचे. पहिलंच वाक्य जुळलं, ‘न्हाव्याने मिशी वाकडी कापली.’ कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे.

पुढे वडिलांना श्वासासाठी गळ्यात नळी घालून यंत्र लावावं लागलं. वर्षभराने एका दुपारी त्यांनी सांगितलं, ‘पुरे. यंत्र बंद करा.’

“बाबा, असलं काही बोलायचं नाही,” ती म्हणाली आणि तिने मला कपाटामागे सारलं, तोंड भिंतीकडे करून. पंधरा दिवस मी धूळ खात पडलो. ते खरे मुके झाले ते तेव्हा.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “फळा कुठे गेला?”

“मीच लपवला. मला ऐकवत नव्हतं.”

बाईंनी मला बाहेर काढून स्वतः बोट फिरवलं. पुन्हा तेच शब्द आले.

“बाबा, मला त्रास नको म्हणून तर नाही ना म्हणत?” मुलीने विचारलं.

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. मग जुळलं, ‘थोडं तेही. पण मलाच नकोय आता.’

बाईंचं पेन थांबलं. “मग आज काही ठरवायचं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी दिवसभरासाठी नर्स मिळवून दिली. मुलगी पुन्हा कामावर जाऊ लागली. महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांना सोबत आणून त्यांनी परत विचारलं. उत्तर तेच होतं.

रीतसर मंजुरी घेऊन यंत्र थांबवायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी वडिलांनी मुलीला सांगितलं, ‘तुला पटलं नाही, तरी वाचलंस.’ सकाळी झोपेचं औषध देऊन यंत्र थांबवलं. त्यांचा हात तिच्या हातात होता.

मला पुसताना ती अजूनही मध्येच थांबते. ते ‘थोडं’ नेमकं किती होतं, हे तिला उमगलेलं नाही. मलाही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा फळा कुणाच्या घरी असेल तर त्याची अक्षरं पुसट होऊ देऊ नका. ज्याला बोलता येत नाही त्याला विचारत जा. उत्तर नकोसं असेल, तरी बोट मध्येच उचलू नका.