हेल्मेट पायात

सायली नोकरीत नेमकं काय करते, हे तिच्या आईनं, लंकाबाईंनी, आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. "पोरगी कॉम्प्युटरवर लोकांना वस्तू ओढायला लावती," असं त्या शेजारणींना सांगत, आणि खरं म्हणजे ते बरोबरच होतं. कंपन्यांना कामगारांसाठी ऑनलाइन कोर्स लागतात. नुसतं वाचायला दिलं की माणूस पेंगतो, म्हणून मधूनमधून पडद्यावरची वस्तू बोटानं ओढून योग्य जागी सोडायला लावायची. माणूस जागा राहतो. शिकतो की नाही, ते खातं वेगळं.

या वेळचा सुरक्षिततेचा कोर्स सातपूरच्या एका कारखान्यासाठी होता, आणि तिथंच सायलीचे वडील, गोरक्षआप्पा, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. पडद्यावर एक उघडाबोडका कामगार उभा. हेल्मेट ओढून त्याच्या डोक्यावर सोडायचं, गॉगल डोळ्यांवर, बूट पायांत. तीनदा चुकलं की माणूस मशीनवरून हटवून वर्षभर पॅकिंगला. सायलीनं वडिलांची जाड, भेगाळलेली बोटं डोळ्यांसमोर आणून एक सोय ठेवली होती: बोट वस्तूवर नेमकं पडलं नाही तरी जवळची वस्तू आपसूक त्याला चिकटेल, आणि बोट उचललं की तिथंच सुटेल. तिचे साहेब भारतसर म्हणाले होते, "याला म्हणतात माणुसकी!" आणि ती माणुसकी त्यांनी जाहिरातीत घातली होती.

पहिल्या दिवशी आप्पा टॅबलेटसमोर उभे राहिले. रोज काम सुरू करताना मशीनला नमस्कार करत तसा त्यांनी पडद्याला अख्खा पंजा टेकवला, कपाळाला लावला, मग छातीला. हेल्मेट पंजाला चिकटलं आणि पंजा उचलताच कामगाराच्या पायात जाऊन पडलं. लाल फुली. "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा सुरुवात म्हणजे पुन्हा नमस्कार. या खेपेला गॉगल गुडघ्यावर बसला.

"आप्पा, त्याला हात नाही लावायचा," जेवताना सायली म्हणाली.

"हात लावल्याबिगर ओढू कसं?"

"नमस्कार नाही करायचा, असं म्हणतेय."

"का गं? तुझं मशीन मशीन नाय का?" लंकाबाईंनी ताटात भाकरी टाकली.

"तो नुसता फोटो असतो, आई."

"देवाचाबी फोटोच असतो."

 

जेवणानंतर सायलीनं आप्पांचा मोबाइलवर सराव घेतला. आप्पा झकास ओढत होते, तिच्या साहेबांपेक्षा झकास. पण सुरुवात आली की पंजा जायचाच.

"हात आपोआप जातो, बाई. शेजारच्या नवसाबाईचा नवरा एकदा घाईत तसाच मशीनवर बसला. अंगठा गेला."

"मशीनचं गार्ड उघडं होतं म्हणून गेला, आप्पा. नमस्कार राहिला म्हणून नव्हे."

"दोन्ही राहिलं होतं," आप्पा म्हणाले.

सकाळी ऑफिसात तिनं एक "सुरू करा" बटण बनवलं. ते दाबेपर्यंत पडदा मुका. कुणी साष्टांग घातला तरी काही हलणार नाही. भारतसरांनी ते कौतुकानं बघितलं.

"छान आहे. पण फाइल मंजूर झालीय. आता बदलायची म्हणजे कारखान्याच्या सुरक्षा समितीची बैठक. ती दिवाळीनंतर."

"सर, एकच बटण आहे."

"बटण एकच असतं गं. सह्या किती लागतात!"

"माझे वडील आहेत, सर."

"म्हणूनच. लोक म्हणतील, बापासाठी परीक्षा सोपी केली."

शेवटच्या खेपेला सायली काहीतरी निमित्त काढून कारखान्यात हजर राहिली. सुपरवायझर सोमनाथनं टॅबलेट पुसून समोर ठेवला. "आप्पा, लास्ट चान्स हाय हा."

आप्पांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता. पडद्यावर उघडाबोडका कामगार आला. आप्पांनी लेकीकडे बघितलं. तिनं नको, नको अशी मान हलवली.

"सायली," ते हळूच म्हणाले, "हे झाल्यावर मला मशीनवरच बसायचंय ना? मग नमस्काराबिगर कसं सुरू करू?"

आणि पंजा टेकला. सायलीनं डोळे मिटून घेतले. पण चुकीच्या उत्तराचा तो टँव आवाज तिनंच निवडलेला होता, चांगला खणखणीत. हेल्मेट पायात. पडद्यावर अक्षरं उमटली: "धन्यवाद. तुमची सुरक्षितता, आमची जबाबदारी."

कारखाना बेहद्द खूश झाला. कोर्स लागू होतो न होतो तोच एक बेफिकीर कामगार सापडला, असं त्यांनी कळवलं, आणि पॅकिंग खात्याच्या कोर्सचं कामही याच ऑफिसला दिलं. भारतसरांनी सायलीला स्वतःच्या हातानं पेढा भरवला. तो तिला गिळावा लागला.

"पॅकिंगचाबी कोर्स तूच करणार म्हणं?" संध्याकाळी आप्पांनी विचारलं. पॅकिंगला लागल्यापासून धरलेल्या त्यांच्या कंबरेला लंकाबाई बाम चोळत होत्या.

"हो, आप्पा."

"त्यात काय ओढायचं असतं?"

"खोके."

"फोटोच ना?"

"हो."

आप्पांनी जरा विचार केला. "मग खरे खोके कुणी उचलायचे?"

"ते तुम्हीच, आप्पा."