उजवा कौल

संपाच्या तिसऱ्या महिन्यात शेवंतीने गावच्या रवळनाथाला मनोमन सांगून टाकलं, की ह्यांना गिरणी परत कामावर घेईपर्यंत मी वशाटाला शिवणार नाही. मासळी, मटण, अंडं, सगळं बंद. मालवणी बाईने मासळी सोडायची म्हणजे काही चेष्टा नव्हे. पुढे संप मिटला की नुसताच विरला, कोणालाच धड सांगता येईना. नवरा दत्ताराम कांजूरमार्गला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहू लागला, पण तिच्या लेखी ते काम धरायचंच नव्हतं. देवापुढे गिरणीचं नाव घेतलं होतं ना.

दोन वर्षांनी तिचे हात धरले. सकाळी बोटं उघडेनात, सांधे सुजून लाल, कपाचा कान पकडता येईना. चाळीतल्या बायका धावल्याच. वात आहे म्हणत त्यांनी आधी आंबट बंद करायला लावलं, मग वांगं, मग डाळ, मग दही. बाईच्या ताटात उरलं काय, तर अर्धी भाकरी आणि चहा. आता बोला.

इस्पितळातली डॉक्टरीण ऐकून भडकलीच. "आमवात आहे हा. नुसत्या खाण्याने जायचा नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. पण उपाशी पोटी घेतल्यास तर त्याच गोळ्या पोट जाळतील. अंगात रक्त नाही तुझ्या. डाळ खा, पालेभाजी खा. आणि कोकणातली ना गं तू? बांगडा खा, तारली खा. असंच चाललं तर बोटं वाकडी होतील, ती कायमची."

डाळ, भाजी शेवंतीने सुरू केली, पण जन्मभर माशावर वाढलेल्या बाईला त्यावर चार घाससुद्धा जाईनात. गोळी घेतली की पोट धरून बसायची. दत्तारामने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"देवाक शब्द दिलंय," ती म्हणाली. "तो मोडून बरे झालेले हात माका कित्याक होये?"

"देवानंच सोडवल्यान तर?"

"तर खाईन."

रजा टाकून दत्ताराम एस.टी.ने गावी गेला. काशीराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या अंगावर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पिढ्यान्‌पिढ्या ह्याच कौलावर गावातली लग्नं ठरली, घरं उभी राहिली. दत्ताराम हात जोडून बघत राहिला. डावी पडली. काशीरामने पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा डावीच. तिसऱ्यांदा लाव म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, "पुरे रे. देवाक दमवू नको."

तो चाळीत परतला. शेवंती दारातच उभी होती, हात पदरात गुंडाळून.

"काय सांगल्यान देवान?"

"उजवो दिल्यान," दत्ताराम म्हणाला. "पयल्याच खेपेक."

देवाच्या नावाने एवढं खोटं तो जन्मात कधी बोलला नव्हता. पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावरच बसला. प्रवासाने दमले असतील, असं तिला वाटलं.

संध्याकाळी त्यानेच बांगडे आणले, साफ केले, तिच्या सांगण्यावरून तिरफळं घालून त्यांचं कालवण केलं. तिच्या बोटांना काटे निघेनात म्हणून एकेक काटा काढून तो तिच्या ताटात मऊ मऊ तुकडे ठेवत गेला. शेवंती रडत रडत दीड भाकरी जेवली.

त्यानंतर गोळ्या तिला सोसू लागल्या. महिने गेले तशी सूज ओसरली, सगळी नव्हे, पण कप धरता येण्याइतकी. आणि त्याच सुमारास गिरणीच्या फाटकावर परत घेतलेल्यांची शेवटची यादी लागली. दत्तारामने ती तीनदा वाचली. त्याचं नाव नव्हतं. यादी गिरणीवाल्यांनी केली होती हे त्याला काय कळत नव्हतं? तरी डोळ्यांसमोर ती डावी पाकळी आली, आणि आपणच आपल्या हाताने नोकरी घालवली असं वाटून त्याला भडभडून आलं.

घरी येऊन त्याने सांगितलं. शेवंती उठून देवाच्या फोटोसमोर गेली आणि हात जोडू लागली. वर्ष झालं, तिचे तळवे एकमेकांना टेकत नव्हते. मध्ये सुजलेली बोटं यायची. आज ते हळूहळू टेकले.

"नोकरी दिल्यान नाय, पण माझे हात तरी दिल्यान," ती म्हणाली. "येवा, तुमी पण जोडा."

दत्तारामचे हात वर होईनात.

"धुवून येतंय," असं म्हणून तो मोरीत गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.